कॅरीमॅट कुठली घ्यावी आणि सिट मॅट खरंच लागते का

तुझं म्हणणं असं की डिसेंबरात वाघांबे गावाकडून साल्हेरचा गड चढलात, गुहेत मुक्काम केला, स्लीपिंग बॅग नवी कोरी ५ डिग्रीवाली, म्हणजे पारा ५ वर गेला तरी चालेल म्हणून विकतात ती, खाली घरातली योगा मॅट, आणि तरी रात्री दोन वाजल्यापासून पाठ नि कंबर गारठून गेली, पोट मात्र गरम. म्हणून आता विचारतोयस की याहून जाड स्लीपिंग बॅग घेऊ का हवा भरायची मॅट घेऊ, पुढच्या थंडीत आई-बाबांनाही एका मुक्कामाला न्यायचंय तर त्यांच्यासाठी काय, आणि ते सिट मॅट म्हणून चौकोनी तुकडे विकतात ते नुसते पैसे उकळायचे धंदे आहेत का.

स्लीपिंग बॅग आहे तीच ठेव बाबा. पाठ गार आणि पोट गरम हे तू स्वतःच लिहिलंयस ना, त्यातच उत्तर आलं. बॅग खराब असती तर पोटही गारठलं असतं. तुला खालच्या कातळाने गारठवलं आणि त्याला अडवायचं काम मॅटचं असतं, बॅगेचं नसतंच. तेव्हा पैसे खाली घाल.

हे का होतं ते एकदा नीट कळलं की दुकानात कोणी काहीही सांगो आपण फसत नाही, म्हणून सांगते. ऊब कापसात नसते, पॉलिस्टरच्या भरावातही नसते, भरावात जी हवा अडकून बसलेली असते ना तिच्यात असते. तू बॅगेत शिरलास की वरचा भराव फुगलेला राहतो आणि खालचा तुझ्या वजनाने चेपून पापड होतो. पापडात कुठली हवा. मग अंगाची ऊब सरळ दगडात, आणि आपला दगड म्हणजे काळा बसाल्ट, आख्खा डोंगरच्या डोंगर आहे तो, तुझ्या साठ-सत्तर किलोच्या देहाने रात्रभरात काय तापणार आहे. जुनी माणसं थंडीत आधी खाली काय घालायचं ते बघायची, सतरंजी, तिच्यावर जाड गोधडी, आणि मग वर पांघरूण. आपण मात्र सगळा पैसा पांघरुणावर घालतो आणि खाली योगा मॅट.

आणि त्या ५ डिग्रीचंही ऐकून घे. चांगल्या कंपन्या हा आकडा लॅबमध्ये मोजून घेतात, तापवलेला पुतळा बॅगेत झोपवतात, आणि त्या पुतळ्याच्या खाली उबदार मॅट असते. म्हणजे तो आकडा मॅट धरून आलेला आहे. तू मॅट काढून टाकलीस की ५ चे १०-१२ कधी झाले तुला कळणारही नाही. त्यात परत कम्फर्ट आणि लिमिट असे दोन आकडे असतात, कम्फर्टवाला म्हणजे आरामात झोप लागेल तो, लिमिटवाला म्हणजे एखाद्या पुरुषाने अंगाचं मुटकुळं करून कशीबशी काढलेली रात्र. बायकांनी तर कम्फर्टचाच आकडा बघायचा, तो बायकांच्याच अंगावरून ठरवलेला असतो.

आता मॅटचं. मॅट किती थंडी अडवते त्याला आर व्हॅल्यू म्हणतात, आकडा जितका मोठा तितकी मॅट उबदार. आधी जो तो आपापल्या पद्धतीने मोजायचा आणि मनाला येईल ते छापायचा, मग २०१८ मध्ये अमेरिकेत एएसटीएम एफ ३३४० नावाचं स्टँडर्ड आलं आणि २०२० पासून मोठे ब्रँड एकाच पद्धतीने मोजायला लागले. मॅट एका गरम आणि एका थंड प्लेटच्या मध्ये दाबून ठेवतात, गरम प्लेट गरम ठेवायला किती वीज लागते ते बघतात, कमी लागली म्हणजे मॅट चांगली. साधं आहे. आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे हे आकडे बेरजेत जातात, १.५ च्या मॅटवर २ ची टाकली की ३.५. हे लक्षात ठेव, पुढे पैसे वाचतील.

अंदाज यावा म्हणून, तुझी योगा मॅट १ च्याही खाली असणार. १० एमएमची बऱ्यापैकी फोमची कॅरीमॅट १.५ च्या आतबाहेर. थर्मारेस्ट कंपनीची ती अंड्याच्या ट्रेसारखी दिसणारी घडीची झेड लाइट सोल येते ती २, वजन ४१० ग्रॅम. आत फोम असलेली सेल्फ इन्फ्लेटिंग, म्हणजे आपली आपण फुगणारी, साधारण २ ते ४. भारीतल्या हवेच्या मॅट, ज्यांच्या आत भराव किंवा चमकते पडदे असतात, त्या साडेचारच्या पुढे आणि एखाद-दोन तर ७ च्याही वर. पण नुसती हवेची, आत काहीच नसलेली, ती चार बोटं जाड असली तरी १ च्या आसपासच. लोकांना हे पटत नाही. म्हणतात एवढी जाड आहे, आत हवाच तर आहे, तूच म्हणालीस ना हवेत ऊब असते. अगं हो पण ती *अडकलेली* हवा. मोठ्या पोकळीत हवा मोकळी असते, जरा कूस बदलली की ढवळते, पाठीपाशी गरम झालेली खाली जमिनीपाशी जाऊन गार होते, रात्रभर तिचा हाच उद्योग. म्हणून मैत्रिणीने पूलमध्ये तरंगायची मॅट आणली होती एकदा भंडारदऱ्याला, ती पहाटे चारला उठून चुलीपाशी बसलेली सापडली.

आपल्याकडे लागतं किती? मार्च ते जून कुठेही जा, १ पुष्कळ झाला, तेव्हा मॅट फक्त खडे टोचू नयेत म्हणून. पावसाळ्यात आपण गावातल्या घरात नाहीतर शाळेच्या पडवीत पडतो, तिथे थंडीपेक्षा ओल लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गडावर २ ते अडीच हवा. आणि माझा स्वतःचा थर्मामीटर सांगू का, पेपरात निफाडचा पारा ५-६ वर आल्याची आणि द्राक्षबागांमध्ये शेतकरी रात्री शेकोट्या पेटवतायत अशी बातमी आली की मी त्या आठवड्यात दोन मॅट नेते, एकावर एक, ३ च्या पुढे. हिमालयात बर्फावर झोपायचं असेल तर साडेचार-पाच, तिथे काटकसर नको.

एक गंमत सांगते, गडाच्या माथ्यावर जास्त थंडी असते हे नेहमीच खरं नसतं. साल्हेर १५६७ मीटर, महाराष्ट्रात कळसूबाई (१६४६) सोडली तर त्याच्यापेक्षा उंच फारसं काही नाही, वारा असेल तर तिथे हाडं गोठतात. पण वारा पडलेल्या, आभाळ मोकळं असलेल्या रात्री गार हवा जड होऊन खाली उतरते आणि खोलगट जागेत साचते. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला किंवा भंडारदऱ्याच्या काठावर जे टेंट लावतात ना त्यांना पहाटे गडावरच्यांपेक्षा जास्त गारठा लागू शकतो, वर दव असं पडतं की टेंट पिळून घ्या. काठापासून थोडं वर, दहा-पंधरा फूट चढावर टेंट लावला तरी फरक जाणवतो. मॅट घ्यायच्या आधी जागा बघायला शिका, ते फुकट आहे.

तर आता तुझ्या प्रश्नावर येते. तुझ्यासाठी, म्हणजे साल्हेर, धोडप, अलंग-कुलंग असले गड करणाऱ्या पोरासाठी, मी हवेची मॅट घे म्हणून सांगणारच नाही. मी घेतली होती, बऱ्यापैकी महाग, कंपनीचं नाव सांगत नाही कारण चूक तिची नव्हतीच, माझी होती. रतनगडच्या गुहेत पहिल्याच रात्री सूंऽऽ करत बसली. करवंदीचा एक काटा कुणाच्या तरी बुटाला चिकटून आत आलेला, बाकी काही नाही. रात्री एक वाजता हेडलाइट लावून भोक शोधायचं, ओठ लावून, गाल लावून, वाऱ्यात काही ऐकू येत नाही, शेवटी सॅक, दोर, रिकामी पिशवी, शिल्लक कपडे सगळं खाली घालून त्यावर पडले. आपल्याकडे करवंद, बोर, बाभूळ, घायपात, गुहेत फुटलेल्या बाटल्यांच्या काचा, चुलीचे निखारे, म्हणजे हवेच्या मॅटचे शत्रू एकूण एक हजर. फोमच्या मॅटला काटा गेला तर काटा काढून टाकायचा आणि झोपायचं.

फोममध्ये पण तीन जाती लक्षात ठेव. सगळ्यात स्वस्त तो पांढरा पॅकिंगचा फोम, टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तो, ईपीई. नाशिकला सातपूर-अंबडच्या पॅकिंग मटेरियलवाल्यांकडे रोल मिळतो, कॉलेजात असताना आम्ही तेच कापून नेत होतो आणि खोटं कशाला बोलू, एका सीझनला ठीक आहे, पण त्याच्यातले बुडबुडे फुटत जातात आणि चार-सहा मुक्कामांत चपटा होतो. त्याच्या वरची पायरी ईव्हीए, मऊ असतो, अंगाला बरा लागतो, पण उन्हात आखडतो. मी एकदा एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत ठेवून विसरले, काढली तेव्हा चार इंच कमी, कडा बटाट्याच्या वेफरसारख्या वळलेल्या. आणि एक्सएलपीई, जरा कडक, हलका, पाणी अजिबात पीत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. मिळाली तर हीच घे. दुकानात ओळखायची कशी, तर अंगठ्याने जोरात दाबायची आणि दहापर्यंत मोजायचं. खळगा तसाच राहिला तर ठेव परत. आणि नख लावून बघ, भुगा निघाला तरी ठेव परत. दुकानदार बघत असला तरी दाब, आपण पैसे देतोय.

जाडी १० एमएमच्या खाली नको, १२-१४ मिळाली तर उत्तम. लांबी १८०, रुंदी ५० सेंटीमीटर हे नेहमीचं माप, खांदे रुंद असतील तर ५५-६०. एक युक्ती अशी की लांबी कमी केली तरी चालते, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत १२० सेंटीमीटर पुरते, डोक्याखाली कपडे आणि पायांखाली रिकामी सॅक घालायची, सॅकच्या पाठीचा फोम आयता मिळतो. मी स्वतः गेली कितीतरी वर्षं अशीच झोपते आणि उरलेल्या तुकड्याचं काय करते ते पुढे सांगते.

गुंडाळायची घ्यायची का घडीची? घडीची महाग पण सोयीची, मध्येच पाच मिनिटं बसायचं झालं तरी पट्कन उघडते. गुंडाळायची स्वस्त, फक्त ती सॅकला आडवी बांधू नकोस. हे मी ओरडून सांगते दर वेळी. हरिहरच्या पायऱ्या चढताना किंवा अलंगच्या कातळात आडवी बांधलेली मॅट दोन्ही बाजूंनी बाहेर येते, एका बाजूने कातळाला लागली की तुला बाहेरच्या बाजूला ढकलते, आणि बाहेरच्या बाजूला काय आहे ते तुला माहितीये. उभी बांध, नाहीतर सॅकच्या आत नळीसारखी उघडून ठेव आणि तिच्या पोटात बाकी सामान भर, सामान पण भिजत नाही.

ती चांदीची चटई येते, एका बाजूला चमकणारी, त्याबद्दल तू विचारलं नाहीस पण विचारशील. चमक काही करत नाही. चमकणारा पत्रा ऊब परत फेकतो ते मध्ये हवेची फट असेल तर, तू त्याच्यावर पाठ टेकवून झोपलास की फट गेली, मग ऊब सरळ त्याच्यातून खाली. त्याच्याखाली फोम जाड असेल तर त्या फोमचे पैसे दे, चांदीचे देऊ नकोस.

मॅटच्या खाली काहीतरी घाल मात्र. पातळ ताडपत्री, जुना फ्लेक्स, काहीही. गुहेतली जमीन वरून कोरडी दिसते पण कोपऱ्यात पाण्याचं टाकं असतं, रात्रभर ओल वर येत असते. फ्लेक्स घालायच्या आधी जमीन हाताने चाचपायची नाही, काठीने झाडायची, मोठे दगड काठीनेच उलटायचे. फुरसं आणि विंचू ही आपल्याकडची जुनी बिऱ्हाडं आहेत, आपण पाहुणे. सकाळी मॅट गुंडाळताना पण आधी एका टोकाने उचलून झटकायची. उबदार मॅटखाली रात्री कोण येऊन झोपलंय सांगता येत नाही, मला दोनदा विंचू भेटलाय, दोन्ही वेळा सकाळीच.

आई-बाबांचं वेगळं. त्यांना खालून थंडी लागते तशीच कूस टोचते. पन्नाशी-साठीनंतर माणूस कुशीवर झोपतो आणि मग सगळं वजन खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर येतं, १० एमएमचा फोम तिथे काही कामाचा नाही. त्यांना सेल्फ इन्फ्लेटिंग घे. यात आत स्पंजसारखा फोम असतो, व्हॉल्व्ह उघडला की तो स्वतः फुगून हवा आत ओढतो, वरून दोन-चार फुंकरा मारल्या की झालं. ही कल्पना निघाली ती सिएटलमध्ये, बोइंगमधून बाहेर पडलेल्या इंजिनिअरांच्या डोक्यातून, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, थर्मारेस्टचा जन्मच त्यातून झाला. वजन किलोच्या आसपास जातं पण आई-बाबांची मॅट तूच उचलणार आहेस ना. जाडी निदान ४-५ सेंटीमीटर बघ, रुंदी ६० च्या पुढे, आणि खाली एक साधी फोमची टाक, ऊबही वाढते आणि काट्यापासूनही वाचते.

पूर्ण कडक फुगवायची नसते, हे कुणी सांगत नाही. कुशीवर झोपवायचं आणि मग व्हॉल्व्ह हळूहळू सोडत जायचं, कमरेचं हाड जमिनीला लागायच्या जरा आधी बंद करायचं. संध्याकाळी फुगवलेली मॅट रात्री सैल होते तेव्हा घाबरू नका, भोक पडलेलं नसतं, आतली हवा गार होऊन आकसते, झोपायच्या आधी परत दोन फुंकरा. आणि उलटं पण, दुपारी उन्हात टेंटमध्ये कडक फुगवलेली मॅट तशीच ठेवून फिरायला गेलात तर आतले जोड सुटतात आणि मधेच बैलाच्या वशिंडासारखा फुगा येतो. तो दुरुस्त होत नाही.

घरी आणल्यावर ही मॅट गुंडाळून माळ्यावर टाकायची नाही. पलंगाखाली उघडी पसरून, व्हॉल्व्ह उघडा ठेवून. मी माझी पहिली दोन वर्षं घट्ट गुंडाळून ठेवली आणि काढली तेव्हा आतला फोम चेपून बसला होता तो फुगायलाच तयार नाही, वर तोंडाने फुंकलेल्या हवेतली वाफ आत राहून वास मारत होती. फुंकण्यापेक्षा पंप सॅक नावाची हलकी पिशवी मिळते ती वापर, नसेल तर मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीचं तोंड व्हॉल्व्हभोवती धरून दाबलं तरी जमतं.

पंक्चर झालं तर साबणाच्या पाण्याचा हात फिरवायचा, बुडबुडे येतील तिथे पेनाने गोल करायचा, पूर्ण वाळवून, सॅनिटायझरने पुसून, मगच पॅच. सायकलचं सोल्युशन आणि रबरी पॅच या कापडावर नीट धरत नाहीत, ते रबरासाठी असतं. मॅटसोबत आलेला किट फेकू नका, एवढंच.

आणि खरं सांगू का, गाडी टेंटपर्यंत जात असेल तर आई-बाबांसाठी सरळ घरची गादी ने. लाजायचं काय त्यात. खाली ताडपत्री, त्यावर कॅरीमॅट, त्यावर गादी, नाहीतर कापूस दव पितो आणि गादी सकाळी दुप्पट जड होते. शिवाय एक बुटकं स्टूल ने. म्हाताऱ्या गुडघ्यांना झोपणं जड जात नाही, जमिनीवरून उठणं जड जातं, आणि रात्री दोनदा तरी उठावं लागतं. टेंटच्या दाराशी स्टूल असलं की त्याला धरून उठता येतं. हे मी माझ्या आईकडून शिकले, कुठल्या कोर्समध्ये नाही.

आता सिट मॅट. तू धंदे म्हणालास ते पैशाच्या बाबतीत बरोबर आहे, एवढ्याशा तुकड्याला जे पैसे लावतात ते ऐकून हसू येतं. पण वस्तू? माझ्या सॅकमधून सगळं काढ, सिट मॅट काढू नकोस. आपल्या घरी पाट नाहीतर बसकर असायचं ना, तेच हे, फक्त पन्नास ग्रॅमचं. साधारण ३० बाय ५० सेंटीमीटर, आणि तो मी वर म्हणाले तो कॅरीमॅटचा उरलेला तुकडा, घरच्या कात्रीने कापलेला. एका १८० च्या मॅटमधून १२० माझी आणि उरलेल्या ६० च्या दोन सिट मॅट, एक माझी एक कोण विसरलं असेल त्याला. विकत घ्यायचीच नाही.

दिवसभरात झोपायची मॅट एकदा उघडतोस, सिट मॅट वीस वेळा. पावसाळ्यात अंजनेरीला ओल्या दगडावर बसून डबा खायचा, ओली पँट दिवसभर घालायची नाही. थंडीत सूर्योदय बघायला कातळावर अर्धा तास बसायचं, दगड त्या वेळी सगळ्यात गार असतो, बूड गारठलं की माणूस आख्खा गारठतो. स्वयंपाक करताना गुडघ्याखाली. चूल पेटत नसेल तर पंखा, फुंकून डोळ्यात धूर घेण्यापेक्षा याने चार वारे घातले की भडकते. टेंटच्या दारात, बूट काढून मोजे घातलेला पाय ठेवायला. थंडीत गॅसचा डबा गार कातळावर ठेवला की आच मंदावते, त्याच्या बुडाखाली हा तुकडा ठेवायचा, फक्त ज्योतीच्या जवळ जाऊ द्यायचा नाही, फोम वितळतो. रात्री कुशीवर झोपणाऱ्यांनी कमरेखाली मॅटच्या खाली सरकवायचा, १० एमएमची तिथल्या तिथे २० एमएम होते, सगळी मॅट जाड घ्यायची गरज नाही. आणि दिवसा सॅकमध्ये पाठीला लावून ठेवायचा म्हणजे स्टोव्हची कडा टोचत नाही. एकदा कुलंगवरून उतरताना आमच्यातल्या एकाचा घोटा गेला तेव्हा कॅरीमॅट पायाभोवती गुंडाळून, आत सिट मॅट घडी करून, सॅकच्या पट्ट्यांनी बांधलं आणि पायथ्यापर्यंत आणलं. हवेच्या मॅटने हे कसं केलं असतं माहीत नाही.

फक्त ती सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात हाताला येईल अशी ठेव. आत तळाला ठेवली तर तू एकदाही काढणार नाहीस आणि मग म्हणशील काही उपयोग नाही. आणि खडूने नाहीतर मार्करने नाव टाक, वीस जणांच्या ग्रुपमध्ये सगळ्यांच्या काळ्याच असतात, दुपारच्या जेवणानंतर भांडणं होतात त्यावरून, थट्टा नाही करत.

मग तुझी खरेदी अशी होते. तुला एक १२-१४ एमएमची एक्सएलपीई, योगा मॅट टाकू नकोस, थंडीत ती हिच्यावर घाल, बेरीज आठवते ना. आई-बाबांना दोन सेल्फ इन्फ्लेटिंग आणि दोन स्वस्त फोमच्या, त्या नंतर तुझ्या मित्रांना उपयोगी पडतील. एकदाच जाणार असाल तर विकत घेऊच नको, भाड्याने मिळते, नाहीतर माझ्याकडून ने, माझ्या पलंगाखाली तीन उघड्या पसरलेल्या आहेत.

कुठलीही घेतलीस तरी आधी घरी घालून बघ. जानेवारीत, गॅलरीत, शहाबादी फरशीवर, रात्री अकराच्या पुढे. मॅट घाल, साध्या टी-शर्टवर उताणा पड, मोबाइल बघत वीस मिनिटं. मग पाठीखाली हात घाल. हाताला ऊब लागली तर ही मॅट गडावर चालेल. गार लागलं तर बिल जपून ठेवलंयस ना, सकाळी दुकानात जा. आई-बाबांनाही एक आख्खी रात्र तशीच झोपवून बघ, गॅलरीत नको, हॉलमध्ये, पंखा बंद करून. सकाळी आईला विचारू नकोस कशी झोप लागली, ती चांगलीच म्हणणार. ती उठताना कमरेवर हात ठेवते का तेवढं बघ.